ॲलन पेज यांचे वाचन

मराठीत ‘वाचणे’ हे क्रियापद दोन कामे करते. आपण पुस्तक वाचतो आणि संकटातूनही वाचतो. दोन्हींच्या व्युत्पत्तीच्या वाटा वेगळ्या असतील, तो वाद इथे उकरून काढायचा नाही. पण भाषाविज्ञानाच्या तासाला अनेकार्थतेचे उदाहरण म्हणून मी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलेले हे क्रियापद एका अमेरिकन फुटबॉलपटूच्या चरित्राने माझ्यापुढे नव्याने उभे केले. या खेळाडूचे नाव ॲलन पेज. १९६७ ते १९८१ असे १५ हंगाम ते व्यावसायिक अमेरिकन फुटबॉल खेळले आणि १९९३ ते २०१५ या काळात मिनेसोटा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती होते. आडनावाचा अर्थ ‘पान’ होतो, हा निव्वळ योगायोग. त्यावर कोटी करण्याचा मोह मी इथेच आवरते.

आणखी एक खुलासा आधीच केलेला बरा. मराठीत खेळाडूला आपण बिनदिक्कत एकेरी संबोधतो. तेंडुलकर ‘खेळला’, गावसकर ‘बाद झाला’. त्यात जिव्हाळा असतो हे खरे. पण तोच माणूस उद्या न्यायासनावर बसला तर आपल्या वाक्यातले क्रियापद आपोआप आदरार्थी होईल. पेज यांच्याविषयी लिहिताना पहिल्या अर्ध्या आयुष्याला ‘तो’ आणि दुसऱ्या अर्ध्याला ‘ते’ असे करणे मला जमले नाही. शरीराने काम करणारा ‘तो’ आणि बुद्धीने काम करणारा ‘ते’, ही वाटणी आपल्या व्याकरणात किती खोल बसली आहे, हे लिहायला बसल्यावर कळले. म्हणून इथे ते पहिल्यापासून ‘ते’च राहतील.

अमेरिकन फुटबॉलचा मला गंध नव्हता. मिनेसोटात राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीने तिच्या मुलीचे एक चित्रमय पुस्तक मला पाठवले, ते निमित्त झाले. वाकड्या करंगळीची ती एक गमतीदार गोष्ट होती. पेज आणि त्यांची शिक्षिका कन्या कॅमी यांनी मिळून लिहिलेले हे पुस्तक २०१३ साली प्रसिद्ध झाले. करंगळी खुद्द पेज यांचीच. खेळताना सांधा निखळून ती अशी वळली की उरलेल्या बोटांशी काटकोन करून उभी राहिली. न्यायमूर्तीला शाळेतली मुले कायद्याविषयी काही विचारण्याऐवजी त्या बोटाविषयीच विचारत, आणि त्या कुतूहलातूनच पुस्तक जन्मले. बालवाङ्मयाच्या अभ्यासक म्हणून मी ते वाचले असते आणि बाजूला ठेवले असते. पण सर्वोच्च न्यायालयातल्या माणसाची करंगळी अशी मोडते कशी, या प्रश्नाने मला त्या खेळापर्यंत नेले.

खेळाची रचना थोडक्यात सांगायला हवी, कारण पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे. मैदानावर दोन्ही संघांचे अकरा-अकरा खेळाडू असतात. मात्र चढाईचे अकरा वेगळे आणि बचावाचे अकरा वेगळे. ज्याच्याकडे चेंडू त्या संघाला चार प्रयत्नांत किमान दहा यार्ड पुढे सरकायचे असते. कोणती चाल खेळायची हे त्यांनी आधी घोळका करून ठरवलेले असते. चेंडू कोणाकडे जाणार, कोण कोणाला अडवणार, कोण खोटेच धावणार, हे सारे चढाईवाल्यांना ठाऊक असते. बचाव करणाऱ्यांना ठाऊक नसते. चेंडू हलला की पुढच्या दोन-तीन सेकंदांत त्यांनी ते ओळखायचे. पेज यांची जागा बचावाच्या अगदी पहिल्या रांगेत, मध्यभागी होती. तिला डिफेन्सिव्ह टॅकल म्हणतात. समोर त्यांच्याहून वजनदार माणूस त्यांना रोखायला उभा, त्याच्या मागे संघाचा सूत्रधार म्हणजे क्वार्टरबॅक. रोखणाऱ्याला चुकवून क्वार्टरबॅकने चेंडू फेकण्याआधी त्याला जमिनीवर आणले तर त्या कृतीला सॅक म्हणतात.

समीक्षा शिकवणाऱ्या व्यक्तीला हे वर्णन ओळखीचे वाटले नाही तरच नवल. बचावपटूकडे स्वतःची संहिता नसते. दुसऱ्याने रचलेली, मुद्दाम दिशाभूल करणारी संहिता समोर उलगडत असताना तिचा अर्थ लावणे आणि त्या अर्थावर सगळे शरीर पणाला लावणे, हे त्याचे काम. चढाईवाला लेखक आणि बचाववाला समीक्षक, असे समीकरण मांडून टाळ्या मिळवता येतील. पण ते फार ताणण्यात अर्थ नाही. समीक्षकाचे वाचन चुकले तर त्याची करंगळी मोडत नाही.

पेज यांचे वजन त्या जागेसाठी कमी होते, सुमारे २४५ पौंड. त्यांचे सामर्थ्य होते ते पहिल्या पावलात. समोरच्या माणसाने वजन कोणत्या पायावर टाकले आहे, त्याचा हात जमिनीवर किती दाबून टेकला आहे, यावरून चाल ओळखून चेंडू हलताक्षणी ते फटीतून आत शिरलेले असत. नोत्र दाम विद्यापीठाच्या १९६६ सालच्या राष्ट्रीय विजेत्या संघातून ते आले होते. १९६७ मध्ये मिनेसोटा व्हायकिंग्ज या संघाने त्यांना पहिल्या फेरीत, पंधराव्या क्रमांकावर निवडले आणि बाहेरच्या बाजूला खेळणाऱ्या या तरुणाला रांगेच्या मध्यभागी आणले. कार्ल एलर, जिम मार्शल, गॅरी लार्सन आणि पेज यांची ती जांभळ्या गणवेशातली चौकडी ‘पर्पल पीपल ईटर्स’ म्हणून गाजली. हे नाव १९५८ सालच्या एका विनोदी गाण्यावरून आले होते. माणसे खाणाऱ्यांची टोळी! क्रीडापत्रकारितेला रूपके सुचतात ती साधारण याच जातीची असतात.

१९७१ हे त्यांच्या खेळाचे शिखर. त्या वर्षी असोसिएटेड प्रेसचा सर्वांत मौल्यवान खेळाडूचा बहुमान त्यांना मिळाला. तोवर हा मान एकाही बचावपटूला मिळालेला नव्हता. त्यानंतरही फक्त एकाला मिळाला, १९८६ मध्ये लॉरेन्स टेलर यांना. याच १९७१ च्या डिसेंबरात डेट्रॉइटविरुद्धच्या सामन्यात पंचांनी लागोपाठ दिलेल्या दंडांनी पेज संतापले, आणि पुढचा काही काळ त्यांना कोणीच रोखू शकले नाही. त्याचे चित्रीकरण उपलब्ध आहे. मी ते पाहिले. राग असा नेमका, जागच्या जागी आणि नियमांच्या चौकटीत खर्च होताना पाहणे हा विलक्षण अनुभव आहे.

आता नोंदींविषयी. अमेरिकन व्यावसायिक फुटबॉलमध्ये सॅकची अधिकृत मोजणी खेळाडूंच्या नावावर होऊ लागली १९८२ पासून. पेज निवृत्त झाले १९८१ च्या हंगामाअखेर. म्हणजे ज्या कृतीसाठी ते ओळखले जात ती अधिकृत दफ्तरात त्यांच्या नावावर एकदाही नाही. पुढे संशोधकांनी जुन्या सामन्यांचे कागद आणि चित्रफिती धुंडाळून त्यांच्या नावावर १४८.५ सॅक मांडले, पण ते अनधिकृत. (अर्धा सॅक म्हणजे दोघांनी मिळून पाडलेला.) एका धावेचाही हिशेब ठेवणारा हा खेळ बचावाच्या सर्वांत मोठ्या पराक्रमासाठी इतकी वर्षे स्तंभच आखत नाही, ही गोष्ट वाङ्मयेतिहासाच्या अभ्यासकांनी थांबून पाहावी अशी आहे. कशाची नोंद ठेवायची हे ठरवणाऱ्याच्या डोळ्यासमोर चेंडू असतो, आणि बचावपटूच्या हातात चेंडू नसतो.

व्हायकिंग्जकडून ते चार सुपर बोल खेळले आणि चारही हरले. १९७० ते १९७७ या आठ वर्षांत चार वेळा अंतिम सामन्यापर्यंत जाऊन चार वेळा पराभूत होणे सोपे नसते. यावर फार लिहिले गेले आहे, त्यामुळे मी पुढे जाते.

मला थांबायचे आहे ते एका बैठकीपाशी. खेळाडूंना संघाच्या चालींची एक जाडजूड वही दिलेली असते. तिला प्लेबुक म्हणतात. पेज यांनी पुढे अनेकदा सांगितलेली हकिगत अशी : बचावफळीच्या एका बैठकीत प्रशिक्षकांनी खेळाडूंना त्या वहीतला मजकूर मोठ्याने वाचायला सांगितले. काहींनी सहज वाचला. काही अडखळले. आणि काहींना वाचताच आला नाही. ही सगळी माणसे महाविद्यालयांतून आलेली होती. मैदानावर दोन सेकंदांत अकरा शरीरांच्या हालचालींचा अर्थ लावणारे हे पुरुष कागदावरच्या ओळीपुढे गप्प झाले.

पेज यांना त्या खोलीत जे जाणवले ते त्यांच्या नंतरच्या भाषणांतून कळते. हे मठ्ठ लोक नव्हते, हे त्यांना त्यांच्या शेजारी उभे राहून ठाऊक होते. मग हे घडले कसे? त्यांचे उत्तर असे की कोणी तरी, कधी तरी, फार लवकर, या मुलांना वाचायला शिकवणे सोडून दिले. मूल चांगले धावते हे दिसले, आणि शिक्षकांनी त्याला पुढच्या वर्गात ढकलले. प्रत्येकाने त्याच्यावर उपकारच केला. दोष महाविद्यालयात शोधून उपयोग नाही, तो पहिली-दुसरीच्या वर्गात शोधायला हवा, असा त्यांचा आग्रह.

ही हकिगत मी वाचली तेव्हा मला तिच्याकडे अमेरिकेची गोष्ट म्हणून पाहता आले नाही. आमच्याकडे प्रथम वर्ष कला शाखेच्या वर्गात उताऱ्याचे प्रकट वाचन असते. काही वर्षांपूर्वी एका मुलाची पाळी आली. तो उभा राहिला आणि म्हणाला, “मॅडम, घसा बसलाय.” पुढच्या आठवड्यात त्याच्या शेजारच्याचाही घसा बसला होता. दोघेही कबड्डीचे. जिमखान्याच्या फलकावर दोघांची छायाचित्रे होती, एकाच्या गळ्यात दोन पदके. घसा बसलेल्या मुलाचा आवाज मी त्याच संध्याकाळी मैदानावरून ऐकला. तो डाव्या कोपऱ्यातून साथीदारांना ओरडून सांगत होता की रेडर बोनसला येतोय. मी कुंपणापाशी थांबले. नंतर त्याला विचारले, तुला आधी कसे कळते? त्याने दिलेले उत्तर मी घरी येऊन वहीत उतरवून ठेवले : “डोळ्यात नाय बघायचं मॅडम, डोळे खोटं बोलतात. मागच्या पायाची टाच बघायची.”

विभागाच्या बैठकीत या मुलांचा विषय निघाला तेव्हा चर्चा गुणांवर झाली. अंतर्गत मूल्यमापनाचे किती द्यायचे, क्रीडा सवलतीचे किती मिळतील, हजेरी कशी बसवायची. सगळे सद्भावनेने बोलत होते. “पोरगं गरीब घरचं आहे, खेळातून पोलिसात लागेल, आपण कशाला आडवं यायचं,” असे एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, आणि ते मनापासून म्हणाले. मी आठवड्यातून दोनदा सरावानंतर अर्धा तास वाचनाला बसण्याचे सुचवले. मुलगा चार वेळा आला. पाचव्या वेळी त्याच्या जागी निरोप आला की जिल्ह्याची निवड चाचणी आहे. पुढे तो उत्तीर्ण झाला. कसा झाला ते आमच्या खात्यातल्या सर्वांना माहीत आहे.

पेज यांच्या हकिगतीचा मला जाणवणारा काटा इथे आहे. कोणीही दुष्ट नाही. खलनायकाशिवायची शोकांतिका समजावून सांगताना आपण वर्गात ग्रीक नाटकांपर्यंत जातो. ती जिमखान्याच्या फलकावर खिळ्याने ठोकलेली असते.

पेज स्वतः त्या सापळ्यात अडकले नाहीत, याचे श्रेय ते खेळाला देत नाहीत. ओहायोतील कँटन या पोलादाच्या कारखान्यांच्या गावी १९४५ साली त्यांचा जन्म झाला. आई ते तेरा वर्षांचे असताना वारली. पण शिक्षणाचे महत्त्व आईवडिलांनी आधीच मनावर बिंबवलेले होते. कारखान्यात रोज तेच ते काम करणारी माणसे पाहून त्यांनी लहानपणीच ठरवले की आपण वकील व्हायचे. त्यात थोडा वाटा टीव्हीवरच्या पेरी मेसनचा आणि थोडा १९५४ च्या ब्राउन खटल्याच्या निकालाचा, ज्याने शाळांमधले वर्णभेदी विभाजन घटनाबाह्य ठरवले. खेळू लागल्यावर सुरुवातीच्या काळात त्यांनी एकदा कायद्याच्या वर्गात नाव घातले आणि तीन आठवड्यांत सोडून दिले. पुन्हा गेले ते १९७५ मध्ये, मिनेसोटा विद्यापीठात. भर कारकिर्दीत, हंगाम चालू असताना शिकून १९७८ मध्ये त्यांनी पदवी घेतली.

त्याच वर्षी व्हायकिंग्जने त्यांना हंगामाच्या मध्यात काढून टाकले. कारण सांगितले गेले वजनाचे. पत्नी डायन यांनी धूम्रपान सोडण्यासाठी धावायला सुरुवात केली होती, त्यांच्यासोबत पेजही धावू लागले आणि धावता धावता त्यांचे वजन सवादोनशे पौंडांच्या आसपास आले. प्रशिक्षक बड ग्रँट यांच्या मते या वजनाचा माणूस त्या जागेवर टिकणार नव्हता. शिकागो बेअर्सने त्यांना नियमानुसार असलेल्या शंभर डॉलरच्या शुल्कात उचलले. त्यानंतर ते आणखी साडेतीनहून अधिक हंगाम खेळले, आणि १९८१ च्या डिसेंबरातल्या अखेरच्या सामन्यातही त्यांनी साडेतीन सॅक केले. मधल्या काळात, १९७९ मध्ये, मॅरेथॉन पूर्ण करणारे ते या लीगमधले पहिले कार्यरत खेळाडू ठरले. नियमित हंगामातले एकूण २१८ सामने ते सलग, एकही न चुकवता खेळले. वजनाचा मुद्दा निव्वळ वजनाचा होता का, याविषयी मला शंका आहे. खेळाडूंच्या संघटनेचे ते प्रतिनिधी राहिलेले होते, प्रश्न विचारणारे होते, आणि आता वकील होते. अशा माणसाचे वजन मालकांना कमी नव्हे, जास्तच वाटत असणार. अर्थात हा माझा अन्वयार्थ.

कँटनमध्येच व्यावसायिक फुटबॉलचे कीर्तिमंदिर आहे. ते १९६३ साली उघडले, आणि त्याच्या बांधकामावर शाळकरी वयाच्या पेज यांनी मजूर म्हणून काम केले होते. १९८८ मध्ये त्याच इमारतीत त्यांचा समावेश झाला. अशा समारंभात खेळाडूची ओळख करून द्यायला बहुधा जुना प्रशिक्षक किंवा साथीदार उभा राहतो. पेज यांनी निवडले ते मिनियापोलिसमधल्या नॉर्थ कम्युनिटी शाळेच्या मुख्याध्यापिका विलरीन बीझली यांना. आणि व्यासपीठावर जाऊन ते बोलले ते सामन्यांविषयी नव्हे, शिक्षणाविषयी. प्लेबुकची ती बैठक त्यांनी तिथे सांगितली, फुटबॉलच्या सर्वांत मोठ्या देवळात, फुटबॉलच्या भक्तांसमोर. ते भाषण मी आता दरवर्षी वर्गात वाचून दाखवते. त्यात अलंकार जवळजवळ नाहीत.

त्याच वर्षी त्यांनी आणि डायन यांनी पेज एज्युकेशन फाउंडेशन सुरू केले. मिनेसोटातील अश्वेत व इतर वांशिक अल्पसंख्य विद्यार्थ्यांना ते पुढील शिक्षणासाठी पैसे देते. मात्र पैसे घेणाऱ्याला एक अट असते. त्याने वर्षभरात ठरावीक तास शाळेतल्या लहान मुलांना शिकवण्यात, त्यांच्याबरोबर अभ्यासाला बसण्यात घालवायचे. शिष्यवृत्तीच्या असंख्य योजना मी पाहिल्या आहेत. अर्ज, दाखले, उत्पन्नाचे प्रमाणपत्र, साक्षांकित प्रती, आणि शेवटी आभाराचे पत्र. घेणाऱ्याला लगेच देणारा करून टाकणारी अट मी क्वचित पाहिली. लहान मुलासमोर बसलेला तो विद्यार्थी त्याच्यासारखाच दिसणारा असतो, यातच त्या अटीचा अर्थ आहे.

न्यायालयात जाण्याची त्यांची वाटही न्यायालयातूनच गेली. मिनेसोटात न्यायमूर्तींची निवड मतदान घेऊन होते. पण १९९२ मध्ये पेज ज्या जागेसाठी उभे राहू पाहत होते तिथल्या न्यायमूर्तींची मुदत राज्यपालांनी वाढवून दिली आणि निवडणूकच टळली. पेज यांनी दावा लावला. ज्या न्यायालयाविषयी दावा त्याचेच न्यायमूर्ती तो कसा ऐकणार, म्हणून बदली न्यायाधीशांचे पीठ बसले, आणि निकाल पेज यांच्या बाजूने लागला. निवडणूक झाली, ते जिंकले. मिनेसोटाच्या सर्वोच्च न्यायालयातले ते पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती. वयाच्या सत्तराव्या वर्षी सक्तीने निवृत्त व्हावे लागेपर्यंत ते तिथे होते.

न्यायमूर्तीचे कामही बचावपटूसारखेच असते. स्वतःहून काही मांडता येत नाही. समोर येईल ती संहिता वाचायची. पदावर आल्याच्या पहिल्याच वर्षी, १९९३ मध्ये, शाळांना मिळणाऱ्या निधीतल्या विषमतेचा स्कीन खटला न्यायालयापुढे होता. शिक्षण हा मूलभूत हक्क आहे हे बहुमताने मान्य केले, पण निधीची पद्धत घटनाबाह्य ठरवली नाही. पेज यांनी भिन्नमत नोंदवले. भिन्नमताचा निकालपत्र म्हणून उपयोग शून्य असतो, त्याने कोणाला एक पैसाही मिळत नाही. तो फक्त वाचण्यासाठी लिहिलेला मजकूर असतो. निवृत्तीनंतर २०२० मध्ये त्यांनी मिनियापोलिसच्या फेडरल रिझर्व्ह बँकेचे अध्यक्ष नील काशकरी यांच्यासह राज्यघटनेत दुरुस्ती सुचवली, की दर्जेदार सार्वजनिक शिक्षण हा प्रत्येक मुलाचा मूलभूत हक्क मानला जावा. गंमत म्हणजे राज्यातल्या शिक्षकांच्या संघटनेनेच तिला विरोध केला. त्यांची कारणे अगदीच टाकाऊ नव्हती. मोजमापाच्या चाचण्यांच्या आधारे शाळांना कोर्टात खेचले जाईल, आणि सार्वजनिक शाळांचा पैसा खासगी शाळांकडे वळेल, ही भीती त्यात होती. आपल्याकडच्या शिक्षकांना ती भीती समजावून सांगावी लागणार नाही. त्या अधिवेशनात दुरुस्ती मंजूर झाली नाही.

या सगळ्याची दुसरी बाजू सांगितल्याशिवाय हा लेख सोडणे अप्रामाणिकपणाचे होईल. पेज ज्या काळात खेळले त्या काळात बचावपटूने समोरच्याच्या शिरस्त्राणावर तळहाताने प्रहार करणे नियमाला धरून होते. त्यावर बंदी आली १९७७ मध्ये. अशा आघातांचे मेंदूवर काय परिणाम होतात हे जगाला कळायला पुढची पंचवीस वर्षे लागली. माइक वेबस्टर या खेळाडूच्या २००२ मधील मृत्यूनंतर डॉ. बेनेट ओमालू यांनी त्यांचा मेंदू तपासला, तेव्हा अमेरिकन फुटबॉलपटूमध्ये त्या आजाराचे पहिले निदान झाले. नोत्र दाममधूनच बेअर्समध्ये आलेले डेव्ह डुअरसन हे आणखी एक बचावपटू. २०११ मध्ये त्यांनी आत्महत्या करताना छातीत गोळी झाडून घेतली आणि मेंदू संशोधनासाठी द्यावा असे सांगून ठेवले. पन्नाशीत ते स्वतःला वाचू शकले नाहीत, म्हणून दुसऱ्यांना वाचायला ठेवून गेले. मराठीत हे वाक्य दोन्ही अर्थांनी लागते, आणि ते लिहिताना मला अजिबात आनंद होत नाही. पेज वाचले. किती जण वाचले नाहीत, याची नोंद ठेवणारा स्तंभही तोवर आखलेला नव्हता.

डायन आणि ॲलन पेज यांनी अनेक वर्षे गुलामगिरीच्या आणि वर्णभेदाच्या काळातल्या वस्तू जमवल्या : फक्त गोऱ्यांसाठी असलेल्या जागांच्या पाट्या, कृष्णवर्णीयांची टवाळी करणाऱ्या जाहिराती, लिंकनच्या अंत्ययात्रेतला एक फलक. २०१८ च्या आरंभी मिनियापोलिसमध्ये सुपर बोल होणार होता. सारे शहर त्या सोहळ्यात असताना तिथल्या मध्यवर्ती ग्रंथालयात या संग्रहाचे प्रदर्शन भरले. त्याचे नाव होते ‘टेस्टिफाय’, म्हणजे साक्ष द्या. त्याच वर्षीच्या शरदात डायन गेल्या, आणि काही आठवड्यांनी, नोव्हेंबरात, पेज यांना राष्ट्राध्यक्षांचे स्वातंत्र्यपदक मिळाले.

त्याआधी, २०१७ मध्ये, मिनियापोलिसमधल्या एका शाळेचे नाव बदलले. ती शाळा अलेक्झांडर रॅम्सी यांच्या नावाची होती. मूळनिवासी डकोटांचा समूळ नाश करा अथवा त्यांना हुसकून लावा, असे १८६२ मध्ये जाहीरपणे म्हणणारे हे गव्हर्नर. विद्यार्थ्यांनीच नावाचा इतिहास खणून काढला, आणि बदल मागितला. आता ती जस्टिस पेज मिडल स्कूल आहे. फुटबॉलचा उल्लेख नावात नाही. माझी मावसबहीण म्हणते, तिथल्या कित्येक मुलांना हे गृहस्थ कधी काळी फुटबॉल खेळत होते हे करंगळीचे पुस्तक वाचूनच कळते.

ऑक्टोबरात शहराची मॅरेथॉन पेज यांच्या घरावरून जाते. अनेक वर्षे ते तिथे रस्त्याकडेला उभे राहून एक भलेमोठे पितळी वाद्य, सूझाफोन, धावणाऱ्यांसाठी वाजवत आले आहेत. वाद्य अंगाभोवती गुंडाळून खांद्यावर घ्यावे लागते. छायाचित्रात ते नीट दिसते. गळ्यात न्यायालयात असायचा तसा बो टाय मात्र नसतो.